नाताळचं ताजं झाड मुंबईतही टिकतं, पहिला दिवस सांभाळा

डिसेंबर लागला की मुंबईत एक वाक्य हमखास ऐकू येतं: आपल्या हवेत खरं झाड टिकत नाही, क्रॉफर्ड मार्केटमधून प्लास्टिकचं आणा आणि मोकळे व्हा. मला हे अजिबात पटत नाही. उकाडा त्रास देतोच, पण तोडलेलं झाड सुकतं ते बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी पाणी न मिळाल्यामुळे.

झाड तोडलं की बुंध्याच्या कापावर राळ येते, पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवा शिरते आणि काही तासांत तोंड बंद होतं. मग बादलीभर पाण्यात ठेवलं तरी वर थेंब चढत नाही. म्हणून घरी आणल्यावर पहिलं काम करवतीचं. बुंध्याचा खालचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा सरळ आडवा कापून टाका आणि लगेच पाण्यात उभं करा. तिरका काप देऊ नका, झाड डुगडुगतं आणि कापाची एक बाजू पाण्याबाहेर राहते. बादलीच्या तोंडात बसत नाही म्हणून साल तासणारेही असतात. ते तर मुळीच करू नका, पाणी चढतं ते सालीलगतच्या बाहेरच्या लाकडातूनच. बादली मोठी घ्या.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: बुंध्याच्या जाडीच्या दर इंचाला दिवसाला साधारण एक लिटर. दोन इंचांचा बुंधा असेल तर दोन लिटर, पहिल्या दिवशी त्याहून जास्तही पितं. पातळी कापाच्या खाली एकदा जरी गेली तरी पुन्हा राळ धरते, म्हणजे सजवलेलं झाड उतरवून पुन्हा करवत. नळाचं साधं पाणी पुरतं. साखर, अ‍ॅस्पिरिन, सोडा यांची काही गरज नाही. बादलीत वाळूऐवजी धुतलेले मोठे दगड भरा. झाड घट्ट बसतं आणि पाणी कापापर्यंत मोकळं पोचतं. शेंड्याजवळून नायलॉनची दोरी खिडकीच्या ग्रिलला बांधा.

आपल्याकडे एक भानगड जास्तीची: डास. साठलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अळी आठवड्या-दहा दिवसांत डास होऊन बाहेर पडते. बुंध्याभोवती बादलीच्या तोंडावर सुती कापड घट्ट गुंडाळा, कुठेही फट ठेवू नका, आणि पाणी कापड किंचित सरकवून ओता. आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदला, पण उपसल्या उपसल्या लगेच भरा.

निवडताना सायप्रस किंवा पाइन असेल तर फांदी हलक्या मुठीत धरून आपल्याकडे ओढा. हिरव्या सुया हातात आल्या तर झाड शिळं. आतल्या बाजूच्या तपकिरी सुया गळणं स्वाभाविक आहे. सुरूला मात्र ही परीक्षा चालत नाही. त्याची सुई ही खरी सुई नसतेच, बारीक बारीक सांध्यांची हिरवी काडी असते. ताजी काडीसुद्धा ओढली की सांध्यावर सुटते. सुरूचा रंग बघा आणि काडी वाकवून बघा. लवचिक असेल तर घ्या, कुरकुरीत लागली तर सोडा. आणि विकणाऱ्याला कधी तोडलं, कुठून आणलं, हे विचाराच. किनाऱ्यावरची सुरूची बनं वारा आणि वाळू अडवायला लावलेली आहेत, ती कोणाच्या दिवाणखान्यासाठी नाहीत. शहरात परवानगीशिवाय झाड तोडणं १९७५ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

वीस डिसेंबरच्या आसपास आणलंत तर ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत न्यायचा प्रयत्न करता येतो. पश्चिमेचं ऊन, पंख्याचा झोत आणि एसीचा कोरडा वारा यांपासून दूर ठेवा. दिवे एलईडीचेच लावा, जुने छोटे बल्ब तापून फांद्या वाळवतात. एक्स्टेन्शन बोर्ड बादलीजवळ जमिनीवर नको, झोपताना स्विच बंद. फांदी वाकवल्यावर कडकन मोडू लागली की सण बाकी असला तरी झाड उतरवा. वाळलेल्या झाडाला ठिणगी पुरते.

बाल्कनीत उजेड असेल तर कुंडीतलं अरौकेरिया (थराथरांनी फांद्या येणारं सूचिपर्णी झाड) उत्तम, पुढल्या वर्षीही तेच सजवता येतं. फक्त त्याचा शेंडा छाटू नका, बाजूच्या फांद्या सहसा शेंड्याची जागा घेत नाहीत आणि आकार कायमचा बिघडतो.

सण झाल्यावर चमकी, तारा, दोरे एकूण एक काढा. मग फांद्यांचे बोटभर तुकडे करा. सोसायटीच्या खतखड्ड्यात ते ओल्या कचऱ्यात मिसळून टाका, नुसत्या सुयांचा थर कुजायला फार वेळ लावतो. बुंधा वेगळा वाळवा.