मामा, मोंढा आणि बेडूक

पहिलीच्या बालभारतीत प्राण्यांच्या मैफलीची एक कविता होती. तिच्यातल्या ‘वन्स मोर’, ‘शोर’ असल्या शब्दांवरून २०२४ च्या जुलैत गदारोळ झाला, तो आमच्या परभणीकरांच्या ग्रुपवरही बरेच दिवस चालला. एका बाजूला ‘मराठी बाटली’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘पोरं असंच बोलतात’ म्हणणारे. कविता तालात म्हणता येते का, हे कुणीच बघितलं नाही. पहिलीतल्या पोराला तर मोराशी शोर जुळला की बास.

मी राहतो जर्मनीत. म्हणजे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ची दोन्ही टोकं माझ्याच वाट्याला आली. कुणी काहीही इतिहास सांगो, या ओळीला यमकाशिवाय काडीचा आधार मला तरी दिसत नाही. तरी अख्खा जिल्हा ती छाती काढून म्हणतो!

जर्मन माणूस रुक्ष, असं आपण म्हणतो. पण ख्रिस्टियान मॉर्गनस्टर्नच्या ‘गाल्गनलीडर’ (१९०५) या संग्रहात मुंगसासारखा एक प्राणी ओढ्यातल्या गोट्यावर बसलाय. कशासाठी? यमकासाठी, असं कवीच सांगून टाकतो. त्याच संग्रहात माशाचं रात्रीचं गाणं आहे. त्यात एकही शब्द नाही, नुसत्या लघु-गुरूच्या खुणा. आपल्याकडं यावरही ‘कवीला काय सांगायचे आहे?’ हा प्रश्न चार मार्कांना आला असता.

खरं तर आपल्याला हे नवं नाही. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकातच पाण्याला तहान लावली, वळचणीचं पाणी आढ्याला चढवलं. कीर्तनकार त्यातला वेदान्त उलगडतात, ते बरोबरच; मागं बसलेली पोरं मात्र तहानलेल्या पाण्यालाच हसतात.

अर्थ नसला तरी निभतं, ठेका चुकला की संपलं. इंग्रज कवी एडवर्ड लिअरनं १८४६ च्या पुस्तकातून लिमरिकं, म्हणजे पाच ओळींची विनोदी कवनं, लोकप्रिय केली. शेवटी बहुधा पहिल्याच ओळीतल्या शब्दावर यायचं, ही त्याची खोड. तीच उचलून मी ग्रुपवर टाकलं:

मानवतचे आमचे मामा
घालती उलटा पायजामा;
निघाले मोंढ्याला,
पोचले ओढ्याला,
बेडूक म्हणाला, ‘या मामा!’

शिक्षक असलेल्या चुलतभावानं लगेच विचारलं, यातून बोध काय घ्यायचा? मामींना वेगळीच काळजी: मग मोंढ्यात तुरीला भाव काय लागला?