मसाईच्या सड्यावरचा व्हॉल्व्ह

‘निसर्गात गेलं की मन शांत होतं’ हे वाक्य आता माझ्यानं ऐकवत नाही. रविवारी संध्याकाळी फेसबुक उघडावं तर कुणीतरी पन्हाळ्याच्या तटावर पाठमोरं उभं, समोर धुकं आणि वर लिहिलेलं, ‘आज स्वतःला भेटलो’. अरे, स्वतःला तर सोमवार ते शनिवार भेटतोयच की! त्यासाठी पेट्रोल जाळून पन्हाळा कशाला गाठायचा?

माझं मत जरा उलटं आहे आणि ते ऐसपैस सांगणार आहे. घाईत असाल तर लाइक करून पुढं जावा.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला माणूस. कास्टिंग येतं, मशिनिंग होऊन जातं. जॉब मापात बसला तर पास, नाही बसला तर भंगारात. पार्टीचं पेमेंट कधी येईल ते पार्टीलाच ठाऊक. या धंद्यात प्रत्येक गोष्टीतून काय सुटलं, हे बघायची खोड लागते आणि ती चालायला गेलं तरी सुटत नाही. सकाळी रंकाळ्यावर बघा. निम्मी माणसं मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत असतात, उरलेली शुगर किती उतरली ते सांगत असतात. झाडाखालून चालतात, पण झाड कसलं ते विचारलं तर गप्प. शुगर उतरावीच, माझीही उतरायला हवी आहे. पण ते झालं औषध.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मसाई पठारावर गेलो होतो. सोबत वनस्पतीशास्त्र शिकवलेले एक निवृत्त सर होते. मसाई आपल्याला माहीत असतं ते १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले, त्या रात्रीमुळं. पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं जाणारी वाट याच सड्यावरून जाते आणि दरवर्षी मोहिमेला पोरं इथूनच चालत जातात. पण जुलैत इथं धुक्यात पुढच्याची पाठसुद्धा नीट दिसत नाही. सप्टेंबरात ऊन पडलं की मग सडा दिसतो. सगळा जांभा दगड, त्यावर बोटभर माती आणि त्या ओल्या मातीत इवलीइवली जांभळी-निळी फुलं. सीतेची आसवं.

सर गुडघ्यावर बसले, मलाही बसवलं आणि हातात भिंग दिलं. म्हणाले, ‘‘फूल राहू दे. खाली चिखलात बघ.’’

या झाडाला खरी मुळं नसतात. चिखलात बारीक तंतू आणि त्यांना मोहरीपेक्षा लहान फुगे. सड्यावरची माती पावसानं धुऊन निघालेली, त्यात नत्र जवळजवळ नाहीच. म्हणून हे झाड जीव खातं. फुग्यातलं पाणी बाहेर उपसून टाकतं, त्यामुळं आत दाब कमी होतो आणि फुग्याच्या भिंती आत ओढल्या जातात. तोंडाशी एक दार घट्ट बसलेलं. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव दाराजवळच्या केसाला धडकला की दार आत उघडतं आणि तो जीव पाण्याबरोबर आत खेचला जातो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात होतं. मग दार बंद, पाणी पुन्हा उपसायचं आणि पुन्हा दबा धरून बसायचं.

मी उभ्या आयुष्यात व्हॉल्व्ह हाताळलेत. सील गळतं म्हणून पार्टीच्या शिव्या खाल्ल्यात. आणि इथं चिखलात एवढासा व्हॉल्व्ह, व्हॅक्यूमवर चालणारा, कुणी ऑर्डर न दिलेला. किती वेळ तसाच ओणवा होतो कोण जाणे. पँटचे गुडघे चिंब झाले. तेवढ्यात म्हशी घेऊन एक मामा आले.

‘‘काय हरवलंय व्हय वो?’’

‘‘न्हाई मामा, फूल बघालोय.’’

त्यांनी एकदा फुलाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ‘‘ह्ये? ह्ये तर म्हशी बी खात न्हाईत.’’ चार पावलं गेले आणि वळून म्हणाले, ‘‘त्या झऱ्याच्या अंगाला जावा, तिथं लै हाईत.’’

उतरताना माझ्या डोक्यात राधानगरी धरण सुरू झालं. तिथले सात स्वयंचलित दरवाजे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे. ना मोटर लागते, ना बटण दाबायला माणूस. तलाव भरला की पाण्याच्या दाबानंच दरवाजा उघडतो, पातळी उतरली की बसतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. पावसाळ्यात ‘दरवाजा उघडला’ असा मेसेज ग्रुपवर आला की आपली नजर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर जाते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्यांना तर हे झोपेतही पाठ. एक दरवाजा चिखलातला, एक भोगावतीवरचा, काम दोघांचंही पाण्याच्या दाबावर. हा विचार करत मी वाघबीळ कधी उतरलो ते कळलं नाही. शांत वगैरे काही झालो नव्हतो. उलट डोकं गरगरत होतं, आणि मजेत होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. आयुष्य भरल्यासारखं वाटतं ते स्वतःच्या आत डोकावून नव्हे. ज्याचं आपल्यावाचून काहीही अडत नाही, अशा कशात तरी जीव अडकला की वाटतं.

घरी हे बोललो तर आमच्या मंडळींनी लगेच पकडलं. ‘‘मग ज्यांचं तुमच्यावाचून अडतं त्यांचं काय? गॅस आणायचा राहिलाय.’’ मुद्दा बिनतोड. घर, धंदा, आजारपण, पोरांची फी, हे सोडून फुलं बघत बसणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. पैसा नसताना समाधानावर प्रवचन झोडणाऱ्याला तर उद्यमनगरात चहासुद्धा मिळायचा नाही.

पण एक दिवस अडायचं थांबतं हो. पोरं पुण्याला जातात, धंदा पुतण्या बघायला लागतो, ऑफिस निरोपाचा नारळ देतं. ज्यांनी सगळा जीव ‘माझ्यावाचून चालत नाही’ यावरच टांगलेला असतो, त्यांचं काय होतं ते रंकाळ्याच्या बाकांवर बसून ऐका. पंधरा वर्षांपूर्वी साहेबांना कसं सुनावलं, तीच गोष्ट रोज. खाऊनपिऊन सुखी माणसं, पेन्शन चालू, आणि दुपारचे तीन वाजले की घर खायला उठतं.

याउलट माझे वडील. आयुष्यात लांग चढवली नाही, पण खासबागेत कुस्त्यांचं मैदान असलं की गडी सकाळपासून जाग्यावर नसायचा. १९१२ सालचं ते मैदान त्यांना घरच्या अंगणाइतकं पाठ होतं. रात्री येऊन ताट पुढं असताना घिस्सा डाव कसा लागला ते हातवारे करून सांगायचे, भाकरी गार व्हायची. त्यातून त्यांना एक रुपया मिळाला नाही. शेवटच्या आजारातही कोण जिंकलं ते विचारत होते. म्हणून म्हणतो, जंगलच पाहिजे असं नाही. मात्र जंगलात एक सोय आहे, तिथं तुमच्याकडं कुणी लक्ष देत नाही.

राधानगरीचं काम शाहू महाराजांनी १९०७ साली मनावर घेतलं. १९२२ मध्ये ते गेले तेव्हा धरण अपुरंच होतं. आपण जयंतीला याला दूरदृष्टी म्हणतो, त्याग म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण मला आपलं वाटतं, त्या माणसाला त्या कामाची गोडीसुद्धा असणार. नदी कुठं अडवली तर पाणी कुठवर तुंबेल, हे निव्वळ कर्तव्य म्हणून कुणी वर्षानुवर्षं डोक्यात घोळवत नाही. यावर इतिहासवाल्यांनी खुशाल भांडावं, कमेंट मोकळी आहे.

मसाईला जायचं तर सप्टेंबर गाठा. सड्यावरचं पाणी आटलं की फुलंही संपतात. गाडी रस्त्यावरच लावा, चाक फिरलं की ती बोटभर माती गेलीच. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात दहापटीचं भिंग मिळतं, ते खिशात टाका. ब्लूटूथ स्पीकर मात्र घरी ठेवा.