नातवाच्या कानाची काळजी करणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. आमच्या अकरा वर्षांच्या मुलाचा कान आम्ही टोचून आणला हे वाचून तुम्हाला राग आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलग्यानं कान टोचणं बायकी, एवढ्या पोराला कळतं काय, असल्या गोष्टी आईबापांनी ठरवायच्या, आज कान टोचला, उद्या टॅटू मागेल, आणि शाळेत पोरं चिडवतील ते वेगळंच. शिवाय माझंच लिखाण दाखवून तुमचा नातूही आता हट्टाला पेटलाय.

बायकी म्हणालात, त्याबद्दल आधी बोलते. माझ्या आजोबांच्या दोन्ही पाळ्यांना भोकं होती. कानात कधी काही घातलेलं मी पाहिलं नाही, पण भोकं होती, आणि त्यांच्या वयाच्या कितीतरी पुरुषांची होती. मुलगा असो की मुलगी, तान्हेपणीच सोनाराला बोलावून सोन्याच्या तारेनं कान टोचून घ्यायचे, ही आपल्याकडची रीत. सुश्रुतसंहितेत सहाव्या किंवा सातव्या महिन्यात कान टोचायला सांगितलंय. मुलाचा उजवा आधी, मुलीचा डावा आधी, आणि पाळीवर जिथून उन्हाचा उजेड आरपार दिसतो नेमकं तिथे. पेशवाईतल्या कर्त्या पुरुषांची चित्रं बघा, कानात मोती दिसतील. पंढरपूरच्या विठोबाच्या कानात मकरकुंडलं आहेत. यातलं काही बायकी आहे असं तुम्हालाही वाटत नसणार. मग अकरा वर्षांच्या पोराला तो शब्द कशाला ऐकवायचा? त्या वयात तो फार खोल लागतो, काका. नातवाला अजून तसं म्हणाला नसाल तर कृपा करून म्हणू नका.

पण परंपरेत बसतं तेवढ्यावर आम्ही होकार दिलेला नाही. परंपरेच्याच नावानं मुलानं जे मागितलं होतं, ते तर आम्ही साफ नाकारलं. त्याला हवी होती भिकबाळी. ढोल-ताशा पथकातल्या दादा लोकांच्या कानात त्यानं ती पाहिली होती: तारेत ओवलेले दोन मोती आणि मधे लाल खडा. भिकबाळी घालतात कानाच्या वरच्या भागात, आणि खरी गोम तिथेच आहे.

आम्ही घरी कितीही समजावलं तरी त्याला ती टाळाटाळ वाटत होती. शेवटी कान सोनारानंच टोचावेत हे खरं. त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी त्याला स्वतःच्याच बोटांनी पाळी दाबायला लावली, मग तेच बोट वर सरकवायला सांगितलं. खाली मऊ मांस आणि चरबी, रक्ताचा पुरवठा भरपूर, त्यामुळे जखम भरते लवकर. वर कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारा टणक पण लवचीक भाग. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिला जे मिळेल त्यावर ती जगते. तिथे टोचलेल्या जागी जंतू शिरले आणि पू झाला, तर आवरण सुटतं, कूर्चा मरते आणि कानाचा आकारच बिघडतो. तुम्ही कोल्हापूरचे, तालमीतल्या पैलवानांचे मुडपलेले, गाठाळलेले कान तुम्ही लहानपणापासून पाहिले असतील. तिथे जंतूंऐवजी घासाघाशीनं आणि माराने आवरणाखाली रक्त साठतं, पण कूर्चेची उपासमार तीच. डॉक्टरांनी असा एक फोटो दाखवल्यावर चिरंजीव गप्प झाले. पाळीवरचं भोक सहा ते आठ आठवड्यांत वरवर भरतं. वरच्या भागाला सहा महिने, कधी वर्षही लागतं. शाळेत जाणाऱ्या, घामेजून खेळणाऱ्या, दिवसातून पन्नास वेळा कानाला हात लावणाऱ्या मुलाला वर्षभर जखम सांभाळायला सांगणं मला पटत नाही. भिकबाळीचा विषय अठरा वर्षांचा होईपर्यंत बंद, हे त्याला सांगून टाकलंय.

म्हणजे आईबापांनी ठरवायचं, या तुमच्या मुद्द्याशी माझं भांडण नाहीच. कुठे टोचायचा, कुणी टोचायचा, कशानं, कधी, कानात कुठला धातू घालायचा, हे सगळं आम्हीच ठरवलं. मॉलमधल्या बंदुकीला नाही म्हटलं. ती स्प्रिंगच्या जोरावर बोथट खडा मांसातून रेटते, आणि तिची प्लास्टिकची बॉडी वाफेच्या भट्टीत घालून निर्जंतुक करता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी पाकीटबंद सुई समोर फोडली आणि वापरून झाल्यावर टाकून दिली. खोट्या दागिन्यांत निकेल असतं, त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर सुटत नाही, म्हणून कानात साधं पिवळं सोनं. मात्र कान टोचायचा की नाही, एवढं त्याच्यावर सोडलं, कारण कान त्याचा आहे. आपल्याकडे बाळांचे कान टोचतात तेव्हा त्यांना विचारता येत नाही. याला विचारता येत होतं.

त्याला कळतं का, हे कशावरून ठरवलं तेही सांगते. नुसतं "मला हवंय" कोणीही म्हणतं. टोचायचा तर वार्षिक परीक्षा झाल्यावर, म्हणजे शाळा उघडेपर्यंत जखम भरत येईल, असं आम्ही म्हणालो. पण मग उन्हाळ्याच्या सुट्टीतलं पोहणं बंद, कारण ताज्या जखमेला तलावाचं पाणी चालत नाही. पोहणं हा त्याचा जीव की प्राण आहे. टँकवर मित्रांची अख्खी टोळी जमते, आणि पुण्यातला मे महिना कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. तो बरेच दिवस काही बोलला नाही. मग एका संध्याकाळी आपण होऊन येऊन म्हणाला, "यंदा पोहत नाही." त्यानंतर मी एकदाही अडवलं नाही. सकाळ-संध्याकाळ तो आधी साबणानं हात धुतो, सलाइनमध्ये भिजवलेला गॉज पाळीला धरून ठेवतो, कडेला जमलेली पिवळट खपली मऊ होऊन आपोआप सुटेपर्यंत. नखानं काढत नाही. टी-शर्ट घालताना गळा दोन्ही हातांनी ताणून कानावरून अलगद खाली आणतो. आजीनं हळद आणि खोबरेल तेलाची वाटी पुढे केली तेव्हा डॉक्टरांनी काही लावू नकोस म्हटलंय, हे त्यानंच तिला नीट समजावलं.

टॅटूची भीती मला नाही. पाळीतला खडा काढला की भोक आक्रसतं, राहिली तर एक बारीक खूण राहते. टॅटू असा काढून ठेवता येत नाही, आणि दोन्हींतला हा फरक मुलांना बरोबर कळतो.

चिडवण्याचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्याचीच मला अजून काळजी वाटते. वर्गशिक्षिकांना आम्ही आधीच भेटलो. दागिन्यांबाबत शाळेचा नियम आहे. चपटा, बारीक खडा चालेल, खेळाच्या तासाला त्यावर पट्टी लावायची, असं ठरलं. मुलं काय म्हणतील ते आपल्या हातात नाही. कोण काय बोलू शकेल, याची यादी आम्ही दोघांनी बसून त्याच्यासमोर वाचली. तुमच्या प्रतिक्रियेतला शब्दही तीत होता. यातलं काही ऐकायला लागलं तर घरी येऊन सांगायचं आणि खडा काढून टाकावासा वाटला तर केव्हाही काढायचा, त्यात हार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय.

आता तुमच्या नातवाचं. हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. घरात कुणाच्या जखमेचा व्रण वाढून फुगीर गाठ होते का? तसं असेल तर टोचूच नका. लहान बाळांपेक्षा या वयात टोचलेल्या कानावर अशा गाठी जास्त येतात, आणि कापून काढल्या तरी बरेचदा पुन्हा वाढतात. आणि दहाव्या वर्षीची टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, लस झालीय ना, ते कार्डावर बघा. दोन्ही ठीक असेल, तर त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबायला सांगा. तोवर त्याची हौस टिकली, तर सूनबाईंशी बोला, आणि त्याला डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः घेऊन जा.