हिमनग ऐरोलीला येत नाहीये

‘ए-23ए हा महाकाय हिमनग अरबी समुद्राकडे निघालाय, वितळला की पाणी चार मीटर चढून वाशी, ऐरोली, कळवा बुडणार’ हा मेसेज ऐरोलीच्या मावशीपर्यंत पोचला. तिने तळमजल्यावरच्या घरातली कागदपत्रं तिसऱ्या मजल्यावर ठेवायला दिली. आता बोलणं भाग आहे.

आधी ते चार मीटर. समुद्र 1 मिलिमीटर चढायला जमिनीवरचा सुमारे 361 अब्ज टन बर्फ पाण्यात यावा लागतो. ए-23ए ऐन भरात होता तेव्हा त्याचं वजन जवळपास एक लाख कोटी टन. अख्खा जमिनीवरून ढकलला असता तरी तीन मिलिमीटर भरले नसते. आणि तो जमिनीवरून आलेलाच नाही. अंटार्क्टिकाला लागून समुद्रावर तरंगणाऱ्या फिल्शनर या बर्फाच्या पठाराची कड तुटून तो झाला. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच सारून बसलेला असतो. वितळलेलं पाणी गोडं, म्हणून खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे जागा जरा जास्त घेतं. पण त्याने होणारी वाढ मिलिमीटरचा दहावा भागही नाही. उधाणाला आपल्या ठाण्याच्या खाडीचं पाणी ओहोटीच्या तीन-चार मीटर वर जातं, ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

‘समुद्राचं पाणी गोठून हिमनग बनतो’ हेही चूक. तो वर्षानुवर्षं पडून दबलेला हिम, चवीला गोडा.

आता वाट. हा हिमनग 1986 मध्ये सुटला, अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळाला रुतला, 2020 च्या सुमारास हलला, 2025 मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये साउथ जॉर्जिया बेटाजवळ अडकला आणि पुढे त्याचे तुकडे पडत गेले. अमेरिकेचं नॅशनल आइस सेंटर अशा हिमनगांची जागा नोंदवत असतं. फॉरवर्ड करण्याआधी तिथे बघायचं. इकडे यायला त्याला विषुववृत्तावरचं 27-28 अंशांचं पाणी ओलांडावं लागलं असतं. शिवाय पाण्याखालचा भाग दोनशे मीटरच्या पुढे आणि मुंबईच्या किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवर बॉम्बे हाय या तेलक्षेत्रापाशी समुद्र जेमतेम 75 मीटर खोल! तिथपर्यंतही पोचला नसता, वाशीचा पूल तर लांबच.

‘हिमनग नव्वद टक्के पाण्याखाली असतो’ हे साधारण बरोबर, पण आकारमानाने, उंचीने नव्हे. आणि एक गोष्ट नाइलाजाने मान्य: तरंगतं पठार तुटलं की मागच्या हिमनद्या वेगाने समुद्राकडे सरकतात. 2002 मध्ये अंटार्क्टिकातलं लार्सन-बी हे असंच पठार फुटल्यावर तेच झालं. त्या जमिनीवरच्या बर्फाने पातळी खरंच वाढते, दशकांच्या हिशेबात.

मावशी, कागदपत्रं वरच असू दे. जुलैत उधाण आणि पाऊस एकाच वेळी आले की तुमच्या गल्लीतलं गटार उलटं वाहतं.