मे महिन्यातली दिवाळी

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं. भाचा पाळण्यात असो की पोलिसात, मामा वाकतो. ही प्रथा ज्यानं काढली त्याला भाचा नसावा, किंवा असलाच तर तो सिनेमा काढणारा नसावा. ज्याच्या पाया पडायचं त्याला 'माझ्या घरात शूटिंग करू नको' हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? तोंड तर त्याच्या पायाशी असतं.

धाकट्या बहिणीचा हा थोरला. बारावीनंतर पुण्याला गेला आणि सिनेमा शिकून आला. म्हणजे आता त्याला दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून म्हशीकडे पाहता येतं. एप्रिलात त्याचा फोन आला.

"मामाजी, दिवाळीवर पिक्चर काढून रायलो. कौटुंबिक. तुमचं घर पाह्यजे, बारा दिवस."

"मंग दिवाळीले ये न."

"दिवाळीले तर दाखवाचा हाय जी. शूटिंग मे महिन्यात. तवा नट स्वस्त भेटतेत."

आमचं गाव ब्रह्मपुरी आणि वडसा यांच्या मधलं, वैनगंगेच्या अलीकडचं. ब्रह्मपुरीचं नाव बातम्यांत मे महिन्यात येतं, तापमानाच्या तक्त्यात, ४५ च्या पुढच्या आकड्यासमोर. त्या दिवसांत इथे कुत्रंसुद्धा दुपारी जागा बदलत नाही. नट स्वस्त का मिळतात ते कळलं. नट ते तक्ते वाचत नसावेत.

"बजेट कमी हाय, पण भावना लय हायेत," भाचा म्हणाला. बजेट म्हणजे आमच्या जावईबुवांनी विकलेला ट्रॅक्टर. भावना कुठून येणार होत्या ते त्यानं सांगितलं नाही.

गोष्ट त्यानं ओसरीवर बसून सांगितली आणि सांगता सांगता त्याचेच डोळे भरले. मुंबईला नोकरीवर असलेला एकुलता एक पोरगा चार वर्षं दिवाळीला घरी येत नाही. बाप दर दिवाळीला उंबऱ्यावर पणती लावून वाट पाहतो. शेती विकायला काढलेली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणती विझायला आणि पोरगा दारात उभा राहायला एकच गाठ पडते.

"मंग?"

"मंग सगळे रडतेत."

"अन् शेती?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवळात सातबारा मागितला. पण मी सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव आहे. शेतीचा विषय अर्ध्यात सोडणं मला जमत नाही.

चौदा जण एका काळीपिवळी जीपमधून उतरले. तीत एवढी माणसं मावतात हे आम्हाला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. त्यातली एक मुलगी घर सजवणारी होती. तिनं चारही खोल्या फिरून पाहिल्या आणि म्हणाली, "काका, गरिबी थोडी कमी पडतेय." आयुष्यात पहिल्यांदाच हे कोणी म्हणालं, म्हणून मी खूश झालो. तोवर तिनं टीव्ही उतरवला, फ्रीजवर गोधडी टाकली आणि अक्षयतृतीयेला रंगवलेल्या भिंतीवर काजळी फासायला घेतली. माझ्या वडलांचा फोटो हिरोचा आजोबा झाला. माझी वडशाच्या बाजारातली चामडी चप्पल बापाची चप्पल म्हणून उंबऱ्यापाशी गेली. "दोनच दिवस, काका." मी बारा दिवस घरात अनवाणी आणि अंगणात उड्या मारत काढले.

स्वयंपाकाचं भाच्यानं मामीला फार मुरब्बीपणे सांगितलं. "मामी, फाळक्यायनं १९१३ मध्ये पहिला पिक्चर काढला, तवा सरस्वतीबाई साऱ्या युनिटचं जेवण एकट्या करत. आपले दागिनेबी देल्ले त्यायनं."

बायको म्हणाली, "रांधून देईन बाप्पा. कपाटाची चाबी मात्र कालपासून सापडून नाई रायली."

खरा मालक निघाला तो साउंडवाला. कानावर मोठे टोप लावून तो घरभर फिरायचा आणि बोट दाखवील ते बंद व्हायचं. पंखा बंद. कूलर बंद. विहिरीवरची मोटर बंद. कुकरची शिटी काढून ठेवली. शेजाऱ्यांच्या बोकडाला शॉटपुरती तुरीची चुरी सुरू केली, तर पुढं पुढं तो चुरी दिसेपर्यंत ओरडायला लागला. मे महिन्यात विदर्भातल्या माणसाचा कूलर बंद करणं हा काय प्रकार आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्या वाळ्याचा ओला वास बंद झाला की माणूस आधी चिडतो, मग गप्प होतो, मग देवाधर्माचं बोलायला लागतो. माझी सासू तिसऱ्या दिवशी तिसऱ्या पायरीवर होती.

आणि अशात नटांनी थंडी वाजल्याचा अभिनय करायचा! बापाच्या अंगात स्वेटर, वर शाल, हात शेकोटीवर. शेकोटी खरी. एका पोराचं काम फक्त घाम पुसण्याचं होतं. त्याचा घाम पुसायला कोणी नव्हतं.

गर्दीचा प्रसंग ठेवला होता, पण गावात गर्दी शिल्लक नव्हती. तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे सारं गाव जंगलात, दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेण्याच्या केंद्रावर, मोजून द्यायचे. तिथे रोख पैसे मिळतात, भाचा चहा देत होता. शेवटी 'गाव फटाके पाहायला लोटतं' या प्रसंगात मी, दोन रिटायर गुरुजी आणि बँकेच्या कामाला आलेला एक परगावचा माणूस असे लोटलो.

बापाचं काम करायला भाच्यानं झाडीपट्टीच्या नाटकांतला जुना नट आणला, हे त्याचं एकच शहाणपण. तीस वर्षं मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकलेला माणूस. पहिल्याच वाक्याला साउंडवाल्यानं कानावरचे टोप फेकले. भाचा म्हणाला, "काकाजी, थोडं लहान करा." नटानं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. २०२३ साली परशुराम खुण्यांना पद्मश्री मिळाली तेव्हापासून झाडीपट्टीच्या नटाला लहान करा म्हणणं सोपं राहिलेलं नाही. शिवाय त्याला प्रॉम्प्टरची सवय. वाक्य संपलं की तो डावीकडच्या पडद्याकडे कान द्यायचा. डावीकडे पडदा नव्हता, आमचं न्हाणीघर होतं. पुढचं वाक्य आतून कोण देणार? भाचा त्याला 'बापाचा मौन आक्रोश' म्हणायला लागला.

हिरॉईन पुण्याची. आमची बोली ती मोबाईलवरून शिकून आली होती आणि तिला त्यात 'काहून' एवढाच शब्द पक्का बसला होता. "काहून आलात? काहून बसलात? चहा घेता काहून?" एवढे काहून आमच्या गावात वर्षभरात कोणी म्हणत नाही.

आता बादलीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवव्या दिवशी करंजीचा शॉट होता. पोरगा घरी येतो, आई करंजी भरवते, तो खातो आणि रडतो. बायकोनं उन्हात दीडशे करंज्या तळल्या होत्या. हिरोला रडू येईना. आठ टेक झाले, दर टेकला एक करंजी, आणि मधल्या वेळात त्यानं आवडल्या म्हणून खाल्ल्या त्या वेगळ्याच. दुसऱ्या दिवशी दुपारी बापाचा एकट्याचा प्रसंग लागला तेव्हा हिरो आमच्या मागच्या संडासात होता आणि बऱ्याच वेळापासून होता. टाकी संपली. मोटर साउंडवाल्यानं बंद केलेली. आतून आवाज आला, "काका, पाणी!" पाहुणा, त्यात परका पोरगा. मी पट्ट्यापट्ट्याची चड्डी आणि बनियनवर होतो. कूलर नसल्यावर माणूस आणखी कशावर असणार? विहिरीवरून निळी बादली भरली (कडी तुटलेली, सुतळीनं बांधलेली) आणि पाणी सांडत धावलो. वाटेत घराची मागची खिडकी लागते. ती उघडी आहे आणि कॅमेऱ्याचं तोंड तिकडेच आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचे महिने एडिटिंगचे. ते त्यालाच ठाऊक.

थेटरांनी पिक्चर घेतला नाही. मग भाऊबीजेनंतर आमच्या गावची मंडई आली, तेव्हा भाच्यानं नाटक मंडळाचे हातपाय जोडले. आमच्याकडे मंडई म्हणजे गावोगावचे पाहुणे येतात, लग्नं जुळतात, गोवारी ढाल घेऊन नाचतात आणि रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक उजाडेपर्यंत चालतं. नाटकाच्या आधी दोन तास मिळाले. नाटकाची जागा धरायला लोक तसेही संध्याकाळीच बोऱ्या-चादरी टाकून बसतात. भाचा गर्दी पाहून मला म्हणाला, "हाऊसफुल्ल, मामाजी!" मी त्याला बोऱ्यांचं गणित सांगितलं नाही.

पहिली दहा मिनिटं लोक शांत बसले. मग आमचं अंगण दिसलं. दिव्यांची रांग, रांगोळी, आकाशकंदील आणि वर आंब्याच्या झाडाला घोसानं लटकलेले पाडाला आलेले आंबे.

"काहो, दिवाळीले आंबे?" पहिल्या रांगेतून एक म्हातारा.

"कलमी असन," दुसरा.

"अन् शिवारात धान कुठी गेला? एकबी पुंजना दिसून नाई रायला. बांधीले भेगा पडल्या हायेत!"

यानंतर पिक्चर कोणी पाहिला नाही, सगळ्यांनी तपासला. बापाच्या शालीखालचा घाम सापडला. फ्रीजवरची गोधडी सापडली. भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना एका चौथीतल्या पोरीनं मोठ्यानं वाचला. हिरॉईनचे 'काहून' पोरं मोजायला लागली आणि चाळीसनंतर प्रत्येकाला टाळी पडायला लागली. भाच्याला वाटलं, लोक रंगले.

मग तो प्रसंग आला. अंधारी खोली, पणतीचा उजेड आणि झाडीपट्टीचा तो नट. आवाज त्यानं खरंच लहान केला होता. मंडपात बायकांचे पदर डोळ्यांना लागले. बाप फोटोकडे पाहून म्हणाला, "माझा बाळ... या घडीले कुठी असन रे देवा?"

पडद्यावर मौन आक्रोश सुरू झाला. मागच्या खिडकीत डावीकडून एक निळी बादली आली. तिच्यामागं मी.

भाच्यानं खिडकी धुरकट केली होती. पण गावात माणूस चेहऱ्यावरून नाही, चालीवरून ओळखतात. आणि करंज्यांची गोष्ट मे महिन्यापासून पंचक्रोशीत पाठ होती. क्षणभर मंडप गप्प. मग बापाच्या प्रश्नाला मागच्या रांगेतून उत्तर गेलं, "संडासात!"

बाप्पा बाप्पा! बायका डोळ्यांना लावलेला पदर तोंडात कोंबून हसत होत्या. पाहुणे आम्हाला काय झालं म्हणून विचारत होते आणि त्यांना सांगायला माणसं उठून उभी राहिली. आमच्याकडे नाटकात गाणं आवडलं की 'वन्स मोअर' घेतात आणि नट देतो. तो इथेही झाला. लॅपटॉपवाला पोरगा घाबरून मागं गेला आणि प्रसंग पुन्हा लावला. तीनदा. तिन्ही वेळा बापानं विचारलं आणि तिन्ही वेळा सहाशे माणसांनी सांगितलं. बायको माझ्या शेजारी बसली होती. ती पुढं सरकून बसली.

गंमत म्हणजे शेवटी लोक खरोखर रडले. पणती विझते, पोरगा दारात उभा राहतो, आणि तो नट एक शब्द न बोलता नुसती चप्पल पायात घालायला जातो आणि ती उलटी घालतो. ते त्याचं त्यानंच केलेलं, भाच्यानं सांगितलेलं नाही. माझ्या पुढची एक म्हातारी हमसून रडली. तिचे दोन्ही पोरगे हैदराबादला कामावर आहेत आणि मंडईलाही आले नव्हते. रडून झाल्यावर ती म्हणाली, "साजरा होता पिक्चर. पन गाना नाई, लावनी नाई. अन् एवढ्यात सरला?" रात्रभर बसायच्या तयारीनं आलेल्या माणसाला पावणेदोन तास म्हणजे इसार घेऊन पळून जाण्यासारखं.

भाचा चार दिवस राहिला, लोक काय म्हणतात ते ऐकायला. लोक त्याला काही म्हणत नव्हते. सगळं माझ्याकडे आणून देत होते. धान विकायच्या नोंदणीचे दिवस, त्यामुळे माझ्या टेबलासमोर रांग. जो तो सातबाऱ्यासोबत आपला अभिप्राय ठेवायचा.

"सचिवसाहेब, बाप एक नंबर. पोरगा कच्चा."

"शेती शेवटी इकली का नाई ते नाई समजलं जी." याच्या कागदांवर मी सगळ्यात आधी सही केली.

"पोट्टीले माहेरी धाडा."

"तुमचं काम मस्त झालं. पन एकच सीन काहून देल्ला?"

मी हे सगळं घरी जाऊन भाच्याला थोडं धुऊनपुसून सांगायचो. 'बोर झालो' याचं 'संथ लय आहे म्हणतात' असं व्हायचं. सोसायटीच्या प्रोसिडिंगात हीच कला लागते. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या त्याच्या एका मित्राचा फोन आला. खिडकीतून बादली घेऊन धावणारा अनाम माणूस त्याला फार भिडला होता. विदर्भाच्या पाणीटंचाईवर एवढं नेमकं भाष्य त्यानं पाहिलं नव्हतं. आमच्या विहिरीला मे महिन्यातही पुरुषभर पाणी असतं. पण भाच्याचा चेहरा इतका उजळला की मी विहिरीचा विषय काढला नाही. बायकोनं तेवढ्यात विचारून घेतलं, की ती बादली त्या दिवशी फुटली, तिचे पैसे भाष्यवाला देईल की तू?

चौथ्या दिवशी सकाळी तो निघाला. बायकोनं चिवडा बांधून दिला. करंज्या दिल्या नाहीत. बहिणीसाठी नवं तांदूळ पोत्यात भरून काळीपिवळीच्या टपावर चढवलं. भाचा अंगणात उभा राहून, बोटांची चौकट करून, एकदा आंब्याकडे आणि एकदा विहिरीकडे पाहत होता.

"मामाजी, एक इषय डोक्यात हाय."

"पोचल्यावर फोन कर," म्हणत मी पाया पडायला वाकलो. वाकलो तेव्हा दिसली, डाव्या पट्ट्याला वडशाच्या मोच्यानं घातलेला तोच काळा टाका. माझी चप्पल त्याच्या पायात होती.