गुडिसन पार्क पाडलं नाही, हे फार चांगलं झालं

लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबच्या पुरुष संघाने आपलं जुनं मैदान, गुडिसन पार्क, सोडलं म्हणून हळहळणाऱ्या पोस्ट अजूनही दिसतात. मला विचाराल तर क्लबने जायलाच हवं होतं.

१८९२ पासूनचं मैदान, एव्हर्टनच्या डिक्सी डीनचं मैदान. १९२७-२८ च्या लीगमध्ये ६० गोल मारणारा हा माणूस १९८० मध्ये लिव्हरपूल क्लबविरुद्धची मॅच बघायला आला आणि तिथेच वारला. अशा जागेवर जीव जडणारच. पण पूर्ण तिकीट काढून खांबाआडून, मान वाकडी करून मॅच बघायची, हे किती वर्षं चालवायचं? चारही बाजूंना रस्ते आणि घरं, वाढायला जागाच नाही. मर्सी नदीकाठच्या ब्रॅमली-मूर गोदीवरचं नवं स्टेडियम जवळपास ५३ हजारांचं आहे. २०२१ मध्ये लिव्हरपूल शहराचा जागतिक वारसा दर्जा गेला, त्यामागच्या कारणांत हा प्रकल्पही होता. ते मलाही लागलं. तरी वापराविना पडून राहिलेल्या गोदीपेक्षा माणसांनी भरलेली गोदी मला बरी वाटते.

खरा आनंद मात्र वेगळाच आहे. आर्सेनलच्या जुन्या हायबरी मैदानावर फ्लॅट झाले, वेस्ट हॅमचं अपटन पार्क पाडलं. गुडिसनच्या नशिबीही तेच होतं. पण मे २०२५ मध्ये क्लबने ते महिला संघाला देऊन टाकलं.

‘पुरुषांनी टाकलेलं बायकांना दिलं’ असं म्हणणाऱ्यांनी १९२० चा बॉक्सिंग डे (२६ डिसेंबर) आठवावा. त्या दिवशी याच गुडिसनवर ‘डिक, कर लेडीज’ आणि सेंट हेलेन्स या दोन महिला संघांची मॅच बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते, म्हणजे आजच्या नव्या स्टेडियममध्ये मावतात जवळपास तेवढेच! पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या एफएने (फुटबॉल संघटनेने) हा खेळ बायकांसाठी योग्य नाही असं ठरवून संलग्न क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ ५० वर्षं टिकली. एवढी गर्दी खेचणाऱ्या खेळाडूंना गावातल्या मोकळ्या मैदानांवर जावं लागलं. त्यामुळे मी याला दान मानत नाही. हे मैदान त्यांचं होतंच, फार उशिरा हाती आलं.

आता क्लबने एवढं करावं. वरच्या स्टँडला कुलूप लावून मैदान अर्धं झोपवू नये, डागडुजीला हात आखडता घेऊ नये आणि आसपासच्या शाळांतल्या मुलींना मॅचला फुकट बसवावं.