आजीचा हिंग बाळाला पाजू नका

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ दीड महिन्याचं आहे. संध्याकाळ झाली की पोट फुगतं, पाय पोटाशी घेऊन तासभर रडतं. परवा मामीने तिला एक मेसेज पाठवला: आजीच्या फडताळातला हिंग शंभर टक्के शुद्ध आणि आपल्याच मातीतला होता, आताचा हिंग म्हणजे मैद्याचं विष, शुद्ध खडा पाण्यात उगाळून तान्ह्याला चमचाभर पाजा, रडणं थांबेल. बहिणीने सहाण धुऊन ठेवलीसुद्धा होती. नशीब, आधी मला फोन केला.

पहिल्यांदा तो चमचा. 1984 साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच आठवड्यांच्या एका बाळाची नोंद आहे. घरगुती उपाय म्हणून त्याला ग्लिसरीनमध्ये कालवलेला हिंग दिला होता. बाळाला मेथेमोग्लोबिनेमिया झाला, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडून प्राणवायू वाहून नेईनासं झालं. हा बिघाड दुरुस्त करणारं विकर (एन्झाइम) तान्ह्यांच्या रक्तात फार कमी असतं. म्हणून तुम्हाआम्हाला रोज आमटीतून पचणारा हिंग त्यांना बाधू शकतो. त्यात मेसेज सांगतो शुद्ध खडाच घ्या, म्हणजे सगळ्यात जहाल! मामी म्हणाली, ‘एकाच बाळाचं उदाहरण?’ हो, एकच. पण हे रडणं बहुतेक बाळांचं तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं. त्यासाठी एवढा धोका का पत्करायचा? पहिले सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नसतं, फक्त आईचं दूध.

मामीचं पुढचं म्हणणं, ‘आजीने तुम्हाला दिलाच की!’ नाही दिला. आजी हिंग कालवून आमच्या बेंबीभोवती लावायची. पोटाच्या बाहेरून. लावणं आणि पाजणं यातला फरक त्या मेसेजने पुसून टाकला, आणि माझा खरा राग त्याचाच आहे.

आता ‘आपली माती’. हिंग पिढ्यान्‌पिढ्या अफगाणिस्तान-इराणकडून येत आला. हिमाचल प्रदेशातल्या पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने तिथल्याच लाहौलमधल्या क्वारिंग गावात पहिलं रोप लावलं ते 15 ऑक्टोबर 2020 रोजी, आणि मुळातून चीक (त्याचाच हिंग होतो) मिळायला पाचेक वर्षं लागतात.

मैद्याचं मात्र खरं आहे. डबीतल्या पुडीत मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक असतो, कारण नुसता हिंग फोडणीत झेपत नाही. पण ती भेसळ नव्हे. कायद्याला हे मिश्रण मान्य आहे, वेष्टनावर ‘कंपाउंडेड’ असं छापलेलंही असतं. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी तेवढं वाचून घ्यावं. शुद्ध खडा कापरासारखा जळतो असं म्हणतात, तेही बरोबर. खड्याच्या हिंगाचा वास ताकाला जसा लागतो तसा पुडीचा लागत नाही, हे तर मीही म्हणते.

बहिणीने सहाण परत ठेवली आहे. बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढते, रडणं थांबलंच नाही तर डॉक्टरांकडे नेईल. कुणी आधीच हिंग पाजला असेल आणि बाळाचे ओठ निळसर दिसत असतील, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. तो मेसेज तुमच्याकडे आला असेल तर ज्या घरात तान्हं बाळ आहे तिथे आजच फोन करा.